कीबोर्डाला शिकवलेले शब्द आमचे आहेत: मोबाइल कीबोर्ड घडवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मोबाइल फोनचे कीबोर्ड घडवणारे अभियंते, भाषातज्ज्ञ आणि त्यांचे वरिष्ठ,
ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, सॅमसंग आणि मुक्तस्रोत प्रकल्प

विषय: कीबोर्डाने वापरणाऱ्याकडून शिकलेले शब्द त्याला दिसावेत, खोडता यावेत आणि दुसऱ्या फोनवर नेता यावेत, याबाबत

सप्रेम नमस्कार,

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढणं हा माझा व्यवसाय, आणि त्याचा बराचसा पत्रव्यवहार हल्ली अंगठ्यांनीच होतो. कामाच्या सोयीसाठी दोन फोन बाळगते, एक अँड्रॉइडचा आणि एक आयओएसचा. दोन्हींवर दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड आहेत. एकाला माझ्या लेखकांची आडनावं पाठ आहेत. दुसरा तीच आडनावं शब्दकोशातल्या जवळच्या शब्दाने बदलून मोकळा होतो. दोघांना शिकवणारी मी एकच, पण एका कीबोर्डाला शिकवलेलं दुसऱ्याला सांगायची सोय नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

कोणता फोन सरस, हा वाद मला घालायचा नाही. तो घालणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची दमछाक होत नाही. तुलना मात्र करणार आहे, कारण तुम्ही एकमेकांच्या चांगल्या गोष्टी उचलायला फार वेळ लावता.

आधी तुमचं श्रेय तुम्हाला. काचेवर बोट टेकतं तेव्हा पसरट डाग उमटतो आणि त्या डागाखाली दोन-तीन कळा येतात. त्यांतली कोणती दाबायची होती, हे फोन दोन गोष्टींवरून ठरवतो: डागाचा मध्य कुठे पडला, आणि आधीच्या अक्षरांनंतर त्या भाषेत काय येण्याची शक्यता जास्त. दोन्हींचा मेळ घालून जे वरचढ ठरेल ते पडद्यावर येतं. २००७ च्या पहिल्या आयफोनसाठी ॲपलचे अभियंते केन कोसिएंडा यांनी घडवलेल्या कीबोर्डाने हे तंत्र लोकांच्या हाती दिलं. कळा दिसायला सारख्याच राहतात, पण पुढचं संभाव्य अक्षर ज्या कळेवर आहे तिचं न दिसणारं क्षेत्र वाढतं. हे चाललंय याचा लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही, आणि लागायची गरजही नाही. इथे तुमचं गुपचूप काम मला मान्य आहे.

त्याआधी बटणांच्या फोनवर टी९ होतं. एका बटणावर तीन-चार अक्षरं असूनही प्रत्येक अक्षरासाठी एकदाच दाबायचं, शब्द कोणता ते फोन आपल्या संग्रहातून काढायचा. संग्रहात नसलेला शब्द एकदा अक्षरं फोडून भरावा लागे, मग पुढच्या वेळी तो मिळे. कटकट होती, पण कोणता शब्द आपण फोनला शिकवला हे माणसाला ठाऊक असायचं. आता शिकवणं आपोआप होतं आणि शिकलेलं कुठे साठलंय ते कळत नाही. माझ्या तक्रारीचं मूळ या बदलात आहे.

तुमच्या जाहिरातींत दोन वेगळी कामं एकत्र कालवलेली असतात. चुकून पडलेलं अक्षर दुरुस्त करणं हे एक काम, त्याला ऑटोकरेक्ट म्हणतात. मी अजून न लिहिलेला शब्द सुचवणं हे दुसरं, त्याची पट्टी कळांच्या वर दिसते. पहिलं काम माझ्या बोटाविषयी आहे, दुसरं माझ्या विचाराविषयी. आल्टो विद्यापीठ, केंब्रिज आणि ईटीएच झुरिकच्या संशोधकांनी २०१९ साली सुमारे ३७,००० लोकांच्या मोबाइल टंकलेखनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वेग मिनिटाला ३६.२ शब्द निघाला. ऑटोकरेक्ट वापरणारे इतरांपेक्षा वेगाने लिहीत होते, पण पट्टीवरचे सुचवलेले शब्द निवडणारे मात्र हळू. कारण समजण्यासारखं आहे. पट्टीकडे नजर वळवा, तीन शब्द वाचा, हवा तो आहे का ठरवा, मग त्यावर बोट नेमा. एवढ्यात उरलेली अक्षरं लिहून होतात. काही कीबोर्ड तरीही 'तुमचे इतके टंक वाचवले' असा हिशेब मोठ्या अभिमानाने दाखवतात. वाचलेले टंक आणि वाचलेला वेळ या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे त्या हिशेबात कुठे दिसत नाही.

मात्र त्या अभ्यासात लोकांनी समोर दिलेली इंग्रजी वाक्यं उतरवून काढली होती. मराठीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, आणि इथे मी तुमच्या सूचनापट्टीची बाजू घेते. 'स्त्रियांच्या' हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा दिसतो. सुटा सुटा टंकला तर व्यंजनं, हलन्त, मात्रा आणि अनुस्वार मिळून तेरा खुणा होतात. त्यांतल्या काहींसाठी कीबोर्डाचा थर बदलावा लागतो तो वेगळाच. अशा लिपीत चार खुणांनंतर बरोबर शब्द समोर आला तर तो घेण्यातच शहाणपण आहे. ज्या भाषेत अंदाजाची खरी मदत होईल, तीत अंदाज कच्चा. आणि ज्या भाषेत नसता तरी चाललं असतं, तीत तो कसलेला. तुमची मेहनत कुठे खर्च झाली हे यावरून दिसतं.

आता दोन्ही प्रणालींकडे येते. बाहेरच्या कंपनीचा कीबोर्ड बसवण्याची सोय अँड्रॉइडने २००९ साली १.५ या आवृत्तीत, पडद्यावरच्या कीबोर्डाबरोबरच दिली. ॲपलने ती २०१४ साली आयओएस ८ मध्ये दिली. मधल्या पाच वर्षांत अँड्रॉइडवर काय काय झालं पाहा. स्वाइप नावाच्या कीबोर्डाने बोट न उचलता शब्द ओढून लिहायला शिकवलं, स्विफ्टकी या दुसऱ्या कीबोर्डाने पुढचा शब्द सुचवणं लोकप्रिय केलं, आणि २०१२ च्या ४.२ आवृत्तीत गूगलने बोट ओढून लिहिणं आपल्याच कीबोर्डात घेतलं. ॲपलच्या स्वतःच्या कीबोर्डात ते यायला २०१९ उजाडलं. आयओएसचा कीबोर्ड २०१५ पर्यंत शिफ्ट दाबलेलं असो वा नसो, कळांवर मोठीच अक्षरं दाखवत होता. इतका साधा दोष आठ वर्षं कुणाला दिसला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

पण मोकळीक देण्यात अँड्रॉइड पुढे असलं तरी सावधगिरीत ॲपलचं बरोबर आहे. आयओएसवर पासवर्ड लिहिताना बाहेरचा कीबोर्ड आपोआप बाजूला होतो आणि ॲपलचा स्वतःचा येतो. बाहेरच्या कीबोर्डाला इंटरनेट हवं असेल तर 'पूर्ण प्रवेश' वेगळा मागावा लागतो. अँड्रॉइडवर निवडलेला कीबोर्ड पासवर्डाच्या चौकटीतही तोच असतो. बसवताना एक इशारा येतो: हा कीबोर्ड तुम्ही लिहिलेलं सगळं, पासवर्ड आणि कार्डाचे आकडेसुद्धा, गोळा करू शकतो. इंटरनेटची परवानगीच न मागणाऱ्या कीबोर्डालाही हाच इशारा, आणि सगळं बाहेर पाठवू शकणाऱ्यालाही हाच. सरसकट सगळ्यांना घाबरवणारा इशारा माणूस वाचायचंच सोडून देतो. कोणता कीबोर्ड इंटरनेट वापरतो एवढं एक वाक्य त्यात घालायला काय हरकत आहे?

ज्या प्रणाली आता उरल्या नाहीत त्यांचाही उल्लेख करायला हवा, कारण त्यांच्याकडे चांगले कीबोर्ड होते. ब्लॅकबेरी १० मध्ये सुचवलेला शब्द त्याच्या पुढच्या अक्षराच्या कळेवरच तरंगायचा, अंगठा वर सरकवला की तो उडी मारून मजकुरात जाई. नजर पट्टीकडे न्यावी लागत नसे. वर सांगितलेल्या अभ्यासातली अडचण त्यांनी कितीतरी आधी सोडवायला घेतली होती. विंडोज फोन ८.१ चा वर्ड फ्लो हा कीबोर्ड झकास होता. प्रणाली गेली, कीबोर्ड गेला. मायक्रोसॉफ्टने तो २०१६ साली आयफोनवर आणला आणि पुढच्याच वर्षी गुंडाळला. स्वाइप २०१८ मध्ये बंद झाला. २०२२ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने स्विफ्टकी आयओएसवरून काढून घेतला आणि नोव्हेंबरात परत आणला. प्रत्येक वेळी लोकांनी वर्षानुवर्षं शिकवलेले शब्द त्या कीबोर्डाबरोबर गेले, किंवा जाता जाता राहिले. कंपन्या उत्पादनं बंद करणारच, त्याला माझी हरकत नाही. पण घर सोडताना भाडेकरूला स्वतःचं सामान नेऊ देतात.

आता मराठीबद्दल, आणि इथे जरा रेंगाळणार आहे.

तुमचे बहुतेक कीबोर्ड शब्दांची यादी धरून चालतात असं त्यांच्या वागण्यावरून दिसतं. इंग्रजीत एका नामाची दोन-तीन रूपं. मराठीत 'शेजारी' हा एक शब्द घ्या. शेजाऱ्याला, शेजाऱ्यांनी, शेजाऱ्यांच्या, शेजाऱ्यांसाठीही, शेजाऱ्यांकडूनच. सामान्यरूप झालं की त्याला विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय लागतं, वर पुन्हा 'ही' किंवा 'च'. अशी रूपं शेकड्यांनी होतात आणि त्यांतली बरीचशी कुठल्याही यादीत सापडणार नाहीत. मी एखादं आडनाव कीबोर्डाला शिकवते. त्याला 'ना' किंवा 'चं' लागलं की ते त्याला पुन्हा अनोळखी. फिनिश आणि तुर्की लिहिणाऱ्यांची अडचणही याच जातीची आहे, तेव्हा हा एका भाषेचा हट्ट समजू नका. शब्दाचे तुकडे पाडून शिकणाऱ्या पद्धती आज उपलब्ध आहेत. मूळ शब्द एकदा शिकवला की त्याची रूपं आपण होऊन ओळखता आली पाहिजेत.

दुसरी गोष्ट त्याच शब्दातल्या 'ऱ्या'ची. साध्या र ला हलन्त देऊन य जोडला की रफार होतो: 'दर्या'. डोंगरातल्या 'दऱ्या' लिहायला निराळी खूण लागते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या पद्धतीत, ती दोन प्रकारे लिहिता येते: ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साध्या र आणि हलन्तानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. दोन्ही पडद्यावर अगदी सारखी दिसतात. आतून त्या वेगळ्या अक्षरमाळा आहेत. एक कीबोर्ड पहिली वापरतो, दुसरा दुसरी, आणि माझ्या एकाच 'दुसऱ्या'चे फोनच्या लेखी दोन शब्द होतात. एक शिकलेला, एक चुकलेला. 'ॲ'चंही तसंच. त्याला स्वतःचा संकेत युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली मिळाला. त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन लिहीत आले होते आणि काही कीबोर्ड अजून तसंच उमटवतात. 'ॲप' शोधलं की निम्मे निकाल गायब, कारण उरलेल्या निम्म्यांत ते दुसऱ्या संकेताने लिहिलेलं असतं. हे एकसारखं करून घेणं कीबोर्डाला जमण्यासारखं आहे. शब्द साठवण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणायची, एवढंच.

तिसरी गोष्ट बॅकस्पेस. चुकीची मात्रा पडली तर मला मात्रा पुसायची असते. काही कीबोर्ड फक्त मात्रा पुसतात, काही अख्खं जोडाक्षर. दोन्हींमागे तर्क असेलही, पण तो ॲपनुसार आणि फोननुसार बदलत असेल तर बोटाला सवय लागायची कशाची? माझं मत विचाराल तर शेवटी पडलेली खूण आधी जावी. जोडाक्षर उभं करायला चार टंक लागलेले असतात.

रोमन अक्षरं टंकून मराठी उमटवणं हा आता फार मोठ्या लोकसंख्येचा मार्ग आहे. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डाने ही सोय बऱ्याच आधी दिली. ॲपलने २०२४ च्या आयओएस १८ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांसाठी दिली. उशिरा का होईना, चांगलं केलं. पण या मार्गाने लिहिणाऱ्याची रोमन घडी अगदी खाजगी असते. 'आहे' एक जण तीन रोमन अक्षरांत उतरवतो, दुसरा चार. ण आणि न, ळ आणि ल, च आणि छ यांच्यासाठी प्रत्येकाने आपापले ठोकताळे बसवलेले असतात. ते कीबोर्डाला कळायला आठवडे जातात आणि फोन बदलला की सगळं शून्यावर. जिथे शिकणं सर्वांत वैयक्तिक आहे, तिथेच ते सर्वांत सहज हरवतं.

लिपी एक असल्याने हिंदी आणि मराठीची सरमिसळ होते तीही सांगून टाकते. हिंदी मजकूर जगात जास्त, म्हणून 'पाणी' लिहिताना 'पानी' आधी डोकावतं. भाषा मी निवडून दिलेली असताना हे व्हायचं कारण नाही.

गुप्ततेविषयी तुम्ही बरंच केलं आहे. ॲपलने २०१६ च्या आयओएस १० पासून नवे शब्द आणि इमोजी यांची माहिती फोनमधून निघण्याआधी तीत मुद्दाम गोंधळ मिसळायला सुरुवात केली, म्हणजे एका माणसाचं लिहिणं ओळखता येऊ नये. गूगलने २०१७ साली जीबोर्डसाठी आणखी वेगळी पद्धत सांगितली: फोन चार्जिंगला असताना, वापरात नसताना, वायफायवर असताना शिकवणी फोनमध्येच होते आणि बाहेर जातो तो फक्त झालेल्या बदलाचा सारांश. दोन्ही कल्पना हुशारीच्या आहेत. पण त्या सर्वांकडून मिळून शिकण्याविषयी आहेत. माझ्या एकटीच्या शब्दांचं काय, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

त्या शब्दांची किंमत तुम्हाला ठाऊक आहे. २०१७ मध्ये एआय.टाइप या कीबोर्डाच्या ३ कोटी १० लाख वापरकर्त्यांची माहिती कुलूप न लावलेल्या डेटाबेसमध्ये उघडी सापडली. २०१६ मध्ये स्विफ्टकीच्या सिंक सेवेत बिघाड होऊन काहींना भलत्याच लोकांचे शब्द आणि ईमेल पत्ते सूचनांत दिसले, आणि ती सेवा थांबवावी लागली. टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने २०२४ मध्ये नऊ कंपन्यांचे चिनी कीबोर्ड तपासले. त्यांपैकी आठांच्या कीबोर्डांत असे दोष निघाले की टंकलेलं वाटेत वाचता यावं. म्हणून माझे शब्द तुमच्या सर्व्हरवर नीट जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. ते माझ्या हातात द्या, असं म्हणते.

हातात देणं म्हणजे काय, ते सध्याच्या स्थितीवरून सांगते. आयओएसवर कीबोर्डाने चुकीचा शब्द शिकला तर तो एकटा काढायची जागा नाही. सेटिंग्जमध्ये 'कीबोर्डाचा शब्दकोश रीसेट करा' आहे. एका चुकीच्या शब्दासाठी सगळे बरोबर शब्दही टाकून द्यायचे. म्हणून जाणती मंडळी टेक्स्ट रिप्लेसमेंटमध्ये, म्हणजे एक शब्द टंकला की त्याजागी ठरवलेला दुसरा घालणाऱ्या सोयीत, शब्दाची जागा त्याच शब्दाने भरतात, तेव्हा कुठे कीबोर्ड त्याला हात लावत नाही. २०१७ साली आयओएस ११.१ मध्ये इंग्रजी 'आय' हे अक्षर टंकलं की भलतंच चिन्ह उमटायचं, तेव्हा दुरुस्ती येईपर्यंत खुद्द ॲपलनेही असलाच उपाय सुचवला होता. जीबोर्ड आणि स्विफ्टकीवर सुचवलेला शब्द दाबून धरला की तो काढता येतो. चांगलं आहे, पण त्यासाठी तो शब्द आधी पट्टीवर यावा लागतो. शिकलेल्या सर्व शब्दांची यादी समोर ठेवून एकेक तपासायची म्हटली, तर मोठ्या कंपन्यांपैकी कुणाकडेही ती नीट सापडत नाही.

दुरुस्ती दाखवण्याच्या बाबतीत ॲपलने २०२३ च्या आयओएस १७ मध्ये केलेलं काम मला फार आवडलं. बदललेल्या शब्दाखाली काही काळ रेघ राहते, तिच्यावर टेकलं की मी मुळात काय लिहिलं होतं ते मिळतं. त्याच वेळी ॲपलचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडेरिघी यांनी मंचावरून, इंग्रजी शिवीचं 'डक', म्हणजे बदक, करण्याच्या कीबोर्डाच्या जुन्या सवयीची आपणच खिल्ली उडवली. मुद्रितशोधनात आम्ही हेच करतो. चूक दुरुस्त करताना मूळ अक्षर खाली वाचता येईल अशी खूण करतो, कारण दुरुस्ती करणाराही चुकतो. ही रेघ सगळ्या कीबोर्डांत, सगळ्या लिप्यांत यायला हवी. लेखकाचं नाव बदलून संदेश गेल्यावर कळणं आणि पाठवण्याआधी कळणं, यात काय फरक आहे ते माझ्या व्यवसायात विचारू नका.

अँड्रॉइडने २०१७ च्या ८.० आवृत्तीत आणखी एक शहाणी गोष्ट केली. एखादं ॲप कीबोर्डाला सांगू शकतं की इथे लिहिलेलं शिकू नकोस. पण ती केवळ विनंती आहे, कीबोर्डाने ती पाळलीच पाहिजे असं बंधन नाही. ते बंधन करा.

आता एक मुद्दा असा, जो तुमच्या बैठकांत क्वचित येत असावा. मराठीत क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगतं. मी 'मी उद्या' एवढं लिहिलं की मला कितीदा तरी 'येतो' सुचवलं जातं. मी 'येते'. संग्रहात पुरुषांनी लिहिलेलं जास्त असेल तर अंदाज तिकडेच झुकणार. जीमेलच्या वाक्य पुरं करणाऱ्या सोयीत असा घोळ लक्षात आल्यावर गूगलने २०१८ मध्ये लिंगदर्शक सर्वनामं सुचवायचीच बंद केली होती. इंग्रजीत ते चाललं. मराठीत क्रियापद वगळून काय सुचवणार? इथे सर्वांकडून शिकलेलं उपयोगाचं नाही. माझ्याकडून शिकलेलंच लागेल. दहा वेळा 'येते' लिहिल्यावर अकराव्या वेळी विचारायला नको, आणि नव्या फोनवर पुन्हा पहिल्यापासून 'येतो' व्हायला नको.

सूचनांचा लिहिण्यावर परिणाम होतो हेही आता केवळ आमच्यासारख्यांचं कुरकुरणं राहिलेलं नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना चित्रांखाली ओळी लिहायला सांगितल्या. सूचना दिसत असताना लिहिलेल्या ओळी आखूड झाल्या आणि त्यांत अनपेक्षित शब्द कमी आले. मजकूर वाचताना मलाही अलीकडे हे जाणवतं, पण तो माझा अंदाज. पुरावा म्हणून पुढे करत नाही. एवढंच मागते की सूचनापट्टी आणि ऑटोकरेक्ट ही दोन वेगळी बटणं सगळीकडे ठळक असू द्या, आणि पट्टी बंद केली तर दुरुस्तीचा दर्जा घसरू देऊ नका.

शेवटी मुख्य मागणी. संपर्कांसाठी व्हीकार्ड हा सर्वांना वाचता येणारा फाइलप्रकार आहे, दिनदर्शिकेसाठी आयकॅलेंडर आहे. कुठल्याही फोनमधून काढा, कुठल्याही फोनमध्ये घाला. कीबोर्डाने शिकलेल्या शब्दांसाठी असं काही नाही. जीबोर्ड माझ्या हाताने भरलेल्या शब्दांची फाइल देतो, आपण होऊन शिकलेल्यांची देत नाही. एका कंपनीच्या खात्यावर सिंक केलं तर शब्द तिच्याच कीबोर्डाकडे जातात. हेलीबोर्ड हा मुक्तस्रोत कीबोर्ड, इंटरनेटची परवानगी न मागता, शिकलेल्या शब्दांसह सगळ्याचा बॅकअप काढू देतो. म्हणजे हे अशक्य नाही, हे स्वयंसेवकांनी दाखवून दिलं आहे. तो बॅकअप दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही एवढीच अडचण, आणि ती एकट्या हेलीबोर्डला सोडवता येणार नाही.

फाइलीत फार काही नको. शब्द, त्याची भाषा, तो किती वेळा आला, शेवटचा कधी आला. रोमनमधून लिहिणाऱ्यांसाठी त्यांची रोमन घडी. कुठल्या शब्दांत ढवळाढवळ करायची नाही त्यांची खूण. वाक्यं नकोत, कुणाला काय लिहिलं ते नको, पासवर्डाच्या चौकटीतलं काहीही नको. फाइल फोनमध्येच तयार व्हावी, तिला मी कुलूप लावावं, आणि उघडल्यावर ती मला साध्या यादीसारखी वाचता यावी. मजकूर एकाच संकेतरूपात असावा, म्हणजे 'दुसऱ्या'चे पुन्हा दोन शब्द होणार नाहीत.

पहिला आराखडा तुमच्यापैकी कुणीही मांडला तरी चालेल. मराठीतली अडचणीची रूपं, दुहेरी संकेतांचे शब्द आणि लिंगानुसार बदलणारी क्रियापदं यांची चाचणीसाठी यादी लागली तर ती मी करून देईन. तसं कामच मी रोज करते.

कळावे,

आपली,
एक मुद्रितशोधक